भाची बोटीवर निघाली



गौरी-गणपतीत लिहायला घेतलेला हा मजकूर दिवाळी उलटून गेली तरी संपेना, कारण मधेच माझं मत बदललं. बदललेलं मत घरच्यांना तोंडावर सांगायची हिंमत होत नाही, म्हणून इथे लिहितोय. आमच्या गोतावळ्यातले निम्मे लोक इथे डोकावतात, तेव्हा सगळ्यांना एकदाच काय ते कळेल. फोन करून भांडू नये ही विनंती. :)

तर झालं असं. माझी धाकटी मावसबहीण गेली पंधरा-सोळा वर्षं न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये आहे. नवरा-बायको दोघं नोकरीत, एकुलती एक मुलगी तेरा वर्षांची. गणपतीत सगळ्यांचा मिळून व्हिडिओ कॉल चालू होता. आरती झाली, मोदक दाखवून झाले, आणि मग तिने सहज सांगावं तसं सांगितलं की आम्ही शिडाची बोट घेतलीय. जुनी आहे, बारा मीटर लांब. राहतं घर भाड्याने द्यायचं, दोघांनी बिनपगारी रजा घ्यायची आणि येत्या मे महिन्यात बोटीवरच राहायला जायचं. आधी टोंगा, मग फिजी, पुढचं पुढे बघू. लेकीला अर्थातच बरोबर घेऊन.

परभणीहून मावशी एवढंच म्हणाली, "येडी झालीस का गं?" आणि पदर तोंडाला लावून फोनसमोरून उठून गेली.

आता आमच्या सगळ्या खानदानात समुद्राशी कोणाचा काय संबंध? आम्ही हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं धरण, नाहीतर कळमनुरीकडे इसापूरचं. मी स्वतः पहिला समुद्र पाहिला तो बाविसाव्या वर्षी, गिरगावात, आणि पँट गुडघ्यापर्यंत वर करून त्याला नमस्कार केला होता. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून नातेवाइकांच्या ग्रुपवर जे काही सुरू झालं ते विचारू नका. टायटॅनिकचे फोटो, शार्क माशाचे व्हिडिओ, एका काकांनी तर सोमालियाच्या चाच्यांची बातमी टाकली. (काका, सोमालिया दुसऱ्या महासागरात आहे. असो.) शेवटी सगळ्यांनी मिळून प्रश्न माझ्याकडे ढकलला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, तेव्हा पोरीच्या शिक्षणाचं काय होणार हे मी सांगावं.

मी ऐटीत सांगितलं, "बिनधास्त जा."

नुसतं सांगितलं नाही, चांगलं अर्ध्या तासाचं व्याख्यान दिलं. वारे आणि सागरी प्रवाह आम्ही फळ्यावर बाण काढून शिकवतो, ती ते अंगावर घेऊन शिकेल. अक्षांश-रेखांश तिला पाठ करावे लागणार नाहीत. शिवाय अभ्यासाची सोयही होते. न्यूझीलंडमध्ये दूरवर एकटी राहणाऱ्या मुलांसाठी पोस्टाने शिकवणारी सरकारी शाळा १९२२ पासून चालू आहे, ते कुरा तिचं नाव, आता तिचे धडे इंटरनेटवरून मिळतात. आपल्याकडेही नौदलातून बाहेर पडलेले एक अधिकारी, त्यांची पत्नी आणि शाळकरी मुलगी असं कुटुंब घरदार आवरून बोटीवर राहायला गेलंय, त्यांच्या बातम्या आल्या होत्या. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या म्हादेईवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा मुली तारिणीवरून जाऊन आल्या. मग आपल्या पोरीने सहा महिने आई-बापाबरोबर जायला काय हरकत आहे? मावशीलाही जवळजवळ पटलं. मी स्वतःवर बेहद्द खूश.

त्याच आठवड्यात शाळेत एक पालक आले होते. सातवीतल्या एका मुलीचे वडील. दसरा झाला की ऊसतोडीला जाणार, पोरीला घेऊन जाणार, कागदावर काय ते लिहून द्या म्हणाले. मी त्यांच्यावर चांगला खवळलो. "पोरीचं वाटोळं करायचंय का? सहा महिने शाळा बुडवून काय शिकणार ती तिथं?"

दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून, एकाच आठवड्यात. माझ्या ते लक्षातही आलं नाही. आणून दिलं ते त्या मुलीनेच, तेही नकळत.

बहिणीने बोटीचा एक व्हिडिओ पाठवला होता. भाची मोबाईल घेऊन आत-बाहेर फिरून सगळं दाखवते, असा. मी तो वर्गात लावला. भूगोलाचा तास होता आणि खरं सांगायचं तर थोडी फुशारकीही होती. पोरं शिड बघून, निळं पाणी बघून हरखली. ही मुलगी मात्र पुढे सरकली आणि तिने असे प्रश्न विचारले की जे आमच्या ग्रुपवरच्या एकाही शिकलेल्या माणसाने विचारले नव्हते.

"सर, त्यान्ला प्यायला पाणी कुठून भेटतं?"

मला सांगावं लागलं की टाकीत काही शे लिटर असतं, ते जपून वापरायचं, आणि समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र असतं. मग तिने विचारलं, संडासला कुठं जातात. मग विचारलं, रात्री सगळे झोपले तर गाडी कोण हाकतं. (ती बोटीला सारखं गाडीच म्हणत होती.) सांगितलं की पाळ्या असतात, तीन-तीन, चार-चार तासांच्या, रात्रभर कोणीतरी जागं राहून आजूबाजूची जहाजं बघत बसतं. तिने मान डोलावली. तिला ते लगेच कळलं. उसाच्या फडातली गाडी रात्री दोनला भरायची असते तेव्हा कोण उठतं, कोण लहान भावाला धरून बसतं, हे तिचं रोजचं आहे. भाचीची झोपायची जागा म्हणजे आगगाडीतल्या वरच्या बर्थएवढी. ती बघून म्हणाली, "आमच्या कोपीत याच्यापेक्षा जास्त जागा हाय."

आणि मग दोन प्रश्न. "सर, त्यान्ला उचल कोणी दिली?" आणि, "तिची मैतरीण कोण हाय तिथं?"

पहिल्यावर मी हसलो. दुसऱ्यावर मला काही सुचलं नाही. घंटा झाली म्हणून सुटलो.

जे लांब राहतात त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या जिल्ह्यात ऊस नाही असं नाही. सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी वसमतकडे जातं, तिथे ऊस आहे, पूर्णा कारखाना आहे. पण आमच्या कोरडवाहू गावांतून आणि तांड्यांवरून माणसं निघतात ती पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम आधीच उचल देतो, ती लग्नात, दवाखान्यात, नाहीतर पेरणीत संपलेली असते आणि मग ती फेडायला जायचं. दसरा-दिवाळीला निघायचं, पट्टा पडला की परत, म्हणजे मार्च-एप्रिल. सामानात भांडी, पत्रे, बाजरीचं पोतं, शेळी आणि लेकरं. फडाजवळ कोपी घालायची. तो फड तुटला की पुढच्या फडावर.

गंमत म्हणा किंवा काही म्हणा, बोटीचाही हंगामच असतो. त्या भागात नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. म्हणून न्यूझीलंडच्या बोटी मे महिन्यात वर बेटांकडे जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात खाली परत येतात. म्हणजे आमची माणसं गाव सोडतात तेव्हा तिकडची माणसं घरी येतात. न्यूझीलंड ते फिजी हजार-अकराशे सागरी मैल, आठ-दहा दिवस लागतात. वेग ताशी दहा-अकरा किलोमीटर, म्हणजे सेनगावहून हिंगोलीला कोणी रमतगमत सायकलवर यावं तेवढाच.

तो मैत्रिणीचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग मी बोटीवर वाढलेल्या मुलांविषयी मिळेल ते वाचायला लागलो. आई-बापांनी लिहिलेलं पुष्कळ सापडतं, आणि ते सगळं सूर्यास्त, डॉल्फिन आणि स्वातंत्र्य. मुलांनी मोठं होऊन लिहिलेलं कमी. त्यातलं एक वाचलं आणि माझं ते अर्ध्या तासाचं व्याख्यान मला परत गिळावंसं वाटलं.

सुझॅन हेवूड नावाच्या इंग्लिश बाई आहेत. त्यांचं 'वेव्हवॉकर' हे आत्मकथन २०२३ मध्ये आलं. १९७६ साली, त्या सात वर्षांच्या असताना, वडिलांनी जाहीर केलं की कॅप्टन कुकच्या मार्गाने जगप्रवासाला जायचं. तीन वर्षांत परत, असं ठरलं होतं. झाली दहा. निघाल्यानंतर काही महिन्यांतच, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, बोटीवर प्रचंड लाट कोसळली आणि या मुलीची कवटी फुटली. कशीबशी बोट एका लहानशा बेटाला लागली, तिथे फ्रेंच डॉक्टर होता, त्याने भूल न देता तिच्या डोक्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया केल्या. हे सगळं भयंकरच. पण मला जास्त लागलं ते पुढचं. बरी झाल्यावर प्रवास पुन्हा सुरू झाला. वर्षांमागून वर्षं गेली, ती परत जाऊया म्हणत राहिली आणि घरचे पुढच्या बंदराचं बोलत राहिले. ती मोठी होत गेली तसा स्वयंपाक आणि साफसफाई तिच्या वाट्याला आली, भावाला मात्र वर डेकवर काम. ऑस्ट्रेलियातल्या पोस्टाने शिकवणाऱ्या शाळेत तिने स्वतःच्या हट्टाने नाव घातलं आणि हलत्या बोटीवर बसून धडे लिहिले. सोळाव्या वर्षी तिला आणि भावाला न्यूझीलंडमध्ये एका तळ्याकाठच्या लाकडी घरात ठेवून आई-वडील निघून गेले. तिथून तिने एकटीने अभ्यास करून ऑक्सफर्ड गाठलं.

मुलीला स्वयंपाक आणि मुलाला डेक! समुद्र ओलांडला, विषुववृत्त ओलांडलं, पण चूल तिथेच. कोपीत बसून धाकट्याला सांभाळणारी, आई फडातून यायच्या आत भाकरी थापून ठेवणारी माझ्या वर्गातली पोर मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

याच्या उलटं उदाहरणही आहे, ते न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. लॉरा डेकर. हिचा जन्मच आई-वडिलांच्या समुद्रप्रवासात, १९९५ साली, न्यूझीलंडमध्ये झाला आणि पहिली काही वर्षं बोटीवर गेली. पुढे हॉलंडमध्ये राहताना तेराव्या वर्षी ती म्हणाली, मी एकटी जगप्रदक्षिणा करणार. २००९ मध्ये तिथल्या कोर्टाने बालसंरक्षण खात्याला तिच्या पालकत्वात वाटा दिला, तिला जाता येईना. जवळजवळ वर्षभर खटला. जुलै २०१० मध्ये कोर्टाने ते बंधन उठवलं, ऑगस्टमध्ये ती जिब्राल्टरहून निघाली आणि जानेवारी २०१२ मध्ये, सोळा वर्षांची असताना, सेंट मार्टिन बेटावर प्रदक्षिणा पूर्ण केली. हिला समुद्र हवा होता आणि सरकार नको म्हणत होतं. सुझॅनला शाळा हवी होती आणि बाप नको म्हणत होता.

दोघींच्या गोष्टी वाचून माझं मत असं झालं की आपण सगळे भांडतोय ते चुकीच्या गोष्टीवरून. बोट वाईट की चांगली, शार्क आहेत की नाहीत, दहावीचं काय, हे सगळं नंतरचं. तेरा वर्षांच्या मुलीला कोणी विचारलं का? मी विचारलं नव्हतं. मावशीने विचारलं नव्हतं. ग्रुपवर दोनशे मेसेज पडले आणि त्यात तिचं नाव फक्त "पोरगी" असं आलं. मोठ्या माणसांची हौस असते तेव्हा आपण तिला मुलांचं शिक्षण म्हणतो, आणि मोठ्या माणसांची गरज असते तेव्हा मुलांचं नुकसान. भाचीच्या सहा महिन्यांना मी अनुभव म्हणालो आणि माझ्या विद्यार्थिनीच्या सहा महिन्यांना वाटोळं. वर्ग एकच, सातवी-आठवीचा. जागाही एका बर्थएवढी.

दोन्ही सारखं आहे असं मी म्हणत नाही हं. कृपया तशा प्रतिक्रिया नकोत. माझ्या बहिणीला कंटाळा आला तर ती सुकाणू फिरवून घरी जाऊ शकते. उचल घेतलेला बाप असा फिरू शकत नाही. उचलीचा प्रश्न पोरीने उगाच विचारला नव्हता. ज्याच्या पैशावर तुम्ही निघालात तो ठरवतो तुम्ही परत कधी यायचं ते. बहिणीने बोट स्वतःच्या पैशाने घेतली, म्हणून ती "पुढचं पुढे बघू" असं हसत म्हणू शकते. हेच वाक्य कोपीतला माणूसही म्हणतो, पण त्याला म्हणावं लागतं.

आणि मी त्या बापावर खवळलो तेव्हा त्याला पर्याय काय देत होतो? शिक्षण हमी कार्ड आहे, ते घेऊन जिथे जाल तिथल्या शाळेत मुलाला बसवता येतं. कार्ड चांगलंच आहे, मी स्वतः भरून देतो. पण फड शाळेपासून किती लांब आहे हे कार्डाला माहीत नसतं, आणि कर्नाटकात गेलं तर शाळा कन्नड. मुलांनी गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती वेळेवर सुरू झाली तर फार उपयोगी. कधी होते, कधी दिवाळीनंतर बऱ्याच उशिरा होते, तोवर गाड्या निघून गेलेल्या असतात. आणि वयात येणारी पोर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवून सहा महिने निघून जायची आई-बापाला भीती वाटते, ती मी खोटी कशी म्हणू? आपल्याकडची लेकरं शाळेसाठी काय काय करतात. २०२३ मध्ये गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जायकवाडीचं पाणी ओलांडत शाळेत जातात, अशी बातमी आली होती. नौकानयनाचं कौतुकच करायचं तर तिथून सुरुवात करावी.

आणखी एक. हे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. या मुलीची मोठी बहीण माझ्याच हाताखाली शिकली. गणितात बरी होती. तीही अशीच दसऱ्यानंतर गेली, परतली ती पुन्हा शाळेत आलीच नाही, आणि एका वैशाखात लग्नाची पत्रिका आली. सोळा पूर्ण होती की नव्हती कोण जाणे. मी त्या लग्नाला गेलो होतो. बुंदी चांगली होती. सरांनी आग्रह मोडू नये म्हणून दोनदा वाढून घेतली.

त्यामुळे बापावर खवळायचा अधिकार माझा किती, हा प्रश्नच आहे.

तर मावशी, ताई, काका आणि ग्रुपवरचे इतर, माझं बदललेलं मत असं. त्यांनी जावं. पण निघायच्या आधी परतायची तारीख ठरवावी, ती मुलीच्या हाताने लिहून घ्यावी, आणि तारीख पुढे ढकलायची झाली तर तिच्या एकटीच्या नकाराने ढकलणं रद्द व्हावं. स्वयंपाकाची पाळी बापाचीही असावी आणि रात्रीच्या पाळीत सुकाणूजवळ आई-बापाबरोबर तिलाही बसू द्यावं. आणि मैत्रिणीचं काय ते आधी बघावं.

हे मी बहिणीला सांगितलं तेव्हा ती पंधरा दिवस बोलली नाही. मग भाचीचाच आवाजी निरोप आला. तिचं मराठी अडखळत चालतं, पण स्पष्ट असतं. "मामा, मला जायचंय. पण आई किती महिने ते सांगत नाही. तू विचार." मी विचारलं. खूप ओढाताण झाली, वादळांचा हंगाम निघाला, फिजीहून पुढे व्हनुआटू निघालं. शेवटी एकतीस ऑक्टोबर ठरली. बोटीत नकाशाच्या टेबलावर तिने ती तारीख मार्करने लिहिलीय, त्याचा फोटो आलाय. तिची एक शाळेतली मैत्रीण सुट्टीत विमानाने फिजीला येऊन दोन आठवडे बोटीवर राहणार, असंही ठरतंय. पैसे कोणी भरायचे यावर सध्या चर्चा चालू आहे.

इकडे दसरा झाला. मी दोनदा घरी जाऊन आलो, तिच्या आजीशी बोललो, आमच्या शाळेतल्या बाई रोज संध्याकाळी चक्कर मारायला तयार झाल्या. आईचं मन जवळपास वळलं होतं. पण धाकटा भाऊ दीड वर्षाचा, फडात त्याला सांभाळणार कोण, यावर येऊन सगळं अडलं. ट्रॅक्टर आला त्या दिवशी मी पाटीपुस्तकं, वह्या आणि कार्ड घेऊन गेलो. ती वर सामानावर बसली होती, भाऊ मांडीवर. मी विचारलं, परत कधी येणार?

"पट्टा पडला की," ती म्हणाली. मग म्हणाली, "सर, त्या बोटवालीचा व्हिडिओ आला तर बापाच्या फोनवर पाठवा. नंबर लिवून घ्या."

नंबर घेतलाय. बोट मे महिन्यात निघणार, तोवर ही गावात आलेली असायला हवी.